भरलेली बाटली

सिस्टर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी त्यांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. दूधवाल्यापासून घरातल्या वहिनीपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. पांढरा गणवेश गेला, पण चालण्यातला वॉर्ड काही गेला नाही. कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी खिडकी उघडणार, मग कोण कसं बसलंय ते बघणार आणि मगच स्वतः टेकणार.

दर गुरुवारी दुपारी त्या दंतवैद्यांच्या दवाखान्यात जात. दात त्यांचे ठणठणीत होते. गुरुवारी दवाखाना बंद असायचा आणि बाहेरच्या खोलीत देव न मानणाऱ्यांची बैठक भरायची. एके काळी खुर्च्या पुरत नसत, माणसं तपासायच्या खुर्चीवरही बसत. आता तिघंच उरले होते: सिस्टर, दंतवैद्य आणि वकीलसाहेब. वकीलसाहेबांनी कोर्ट सोडलं होतं, पण कोर्टाने त्यांना सोडलं नव्हतं. चहात साखर कमी पडली तरी ते आधी हरकत नोंदवायचे.

बैठक सुरू केली होती मास्तरांनी. शाळेत विज्ञान शिकवायचे, तिरकस बोलायचे, आणि श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या गोष्टींवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याच्या तीस वर्षांत सतरा आवृत्त्या निघाल्या. त्यांनी बैठकीला एक शिस्त लावून दिली होती. कोणी आपल्याविरुद्ध काही लिहिलं, की उत्तर देण्याआधी वहीच्या डाव्या पानावर त्याचं काय बरोबर आहे ते लिहायचं, मग उजव्या पानावर काय चूक आहे ते. मास्तर वारले आणि डावी पानं कोरी राहायला लागली. वही सिस्टरच लिहायच्या, त्यामुळे ते कोरेपण त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी दंतवैद्यांनी टेबलावर नवं पुस्तक ठेवलं. एका नामांकित प्रवचनकाराने मास्तरांच्या पुस्तकाचं प्रकरणागणिक खंडन केलं होतं. वकीलसाहेब ते आठवडाभर पेन्सिल घेऊन वाचत होते आणि आता त्यांना अगदी जोर चढला होता. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असलाच पाहिजे, हे पुस्तकात चार वेळा आलंय, असं त्यांनी मोजून सांगितलं. दंतवैद्य म्हणाले की अक्कलदाढ काढताना त्यांना रोज वाटतं, ज्याने कोणी हा जबडा बनवला त्याने एकदा तरी माप घ्यायला हवं होतं. सिस्टर हसल्या. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं.

मग वकीलसाहेबांनी सातवं प्रकरण काढलं आणि सिस्टरांचं हसू थांबलं.

मास्तरांच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण म्हणजे ‘भरलेली बाटली’. पुस्तक न वाचलेल्यांनाही ते माहीत होतं. वक्तृत्व स्पर्धांत मुलं ते घडाघडा म्हणायची. सरकारी इस्पितळात पाच वर्षांची मुलगी तापाने फणफणलेली, दर चार तासांनी औषध द्यायचं आईवर सोपवलेलं, आणि सकाळी नर्स येऊन बघते तर आई डोळे मिटून, हात जोडून बसलेली आणि खाटेशेजारी औषधाची बाटली काठोकाठ भरलेली. सव्वासात वाजता मुलगी गेली. ‘देव ऐकत होता की नाही ठाऊक नाही, बाटली मात्र ऐकायला तयार होती,’ असं मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं. ती नर्स म्हणजे सिस्टर.

प्रवचनकाराने यावर एकच पान खर्ची घातलं होतं. त्या रात्री वॉर्डात असलेली धाकटी नर्स आता म्हातारपणी त्याच्या प्रवचनाला येते. तिचं म्हणणं असं, की सकाळी साडेसहाला तिने रिकामी बाटली उचलून भरलेली ठेवली होती. पुढे त्याने सरळपणाने हेही लिहिलं होतं, की आपण मुलीच्या आईला जाऊन विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, ‘मला आठवत नाही.’

“आईलाच आठवत नाही,” वकीलसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले. “आणि हा माणूस पुस्तक छापतो. तीस वर्षांनी ऐकीव गोष्ट घेऊन आलाय.”

त्यांनी निवेदनाचा मसुदा टाइप करूनच आणला होता. मी सकाळी सात वाजता कामावर आले. मुलीची आई प्रार्थना करत होती. बाटली भरलेली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. खाली सहीसाठी रेघ. हे पुस्तकाच्या अठराव्या आवृत्तीत छापलं की प्रवचनकाराचं तोंड बंद.

सिस्टरांनी कागद दोनदा वाचला. एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी चष्मा विसरल्याचं सांगून कागद पिशवीत घातला, आणि चष्मा त्यांच्या नाकावर होता हे दंतवैद्यांनी पाहिलं.

घरी वहिनी शेंगा सोलत बसली होती. भाऊ गेल्यापासून नणंद-भावजय दोघीच राहत होत्या आणि त्यांचा तह जुना होता: वहिनीचा देव स्वयंपाकघरात, सिस्टरांची पुस्तकं बाहेरच्या खोलीत, आणि हद्द कोणी ओलांडायची नाही. सिस्टर सरळ आत गेल्या, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तळातून एक पिवळी पडलेली वही काढली.

ती बाटल्यांची वही होती. त्या इस्पितळात नियम होता, रिकामी बाटली परत केल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. बाटलीवर सहा खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असे, एक खूण म्हणजे एक डोस, सहा डोस म्हणजे एक दिवस. रोज सकाळी साडेसहाला रिकाम्या उचलायच्या, भरलेल्या ठेवायच्या आणि वहीत लिहायचं; नव्या बाटलीतला पहिला डोस आठला असे. हे सिस्टरांनी शेकडो वेळा स्वतः केलं होतं. साडेसहानंतर भरलेली बाटली दिसली, तर आधी वही बघावी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या सकाळी धाकटी नर्स गावची गाडी गाठायला धावत गेली होती, आणि समोर एक बाई हात जोडून बसली होती. ते जोडलेले हात दिसले आणि सिस्टरांना वाटलं, आपल्याला सगळं कळलं. कालची बाटली तशीच राहिली आहे, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

मुलीने डोळे मिटल्यावर सगळ्या वॉर्डासमोर त्यांनी आईला विचारलं होतं, “औषध का दिलं नाहीत?” आई काही बोलली नाही. सिस्टरांनी ते न बोलणं म्हणजे कबुली धरलं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी बैठकीत त्यांनी ते रागारागाने सांगितलं आणि मास्तरांनी लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी जुन्या वह्या रद्दीत काढताना त्या सकाळची, रिकामी बाटली परत घेतल्याची ओळ त्यांच्या समोर आली. वही घेऊन त्या त्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेल्या. मास्तरांच्या हातात पुस्तकाच्या नव्याकोऱ्या प्रती होत्या, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. पहिली प्रत त्यांनी सिस्टरांना दिली. आत लिहिलं होतं, ‘उघड्या डोळ्यांच्या सिस्टरांना.’ सिस्टर वही पिशवीतून न काढताच परत आल्या. आज सांगू, उद्या सांगू, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी सांगू. मास्तर गेले, आणि सांगायला कोणी उरलंच नाही अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मुलीची आई बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करते हे त्यांना माहीत होतं. तीस वर्षं त्या भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्याने गेल्या.

वहिनी दारात उभी होती. हद्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडली. सिस्टरांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता, आणि शेवटी म्हणाल्या, “आता तुझ्या देवाची जीत झाली म्हण.”

“माझ्या देवाचं राहू दे,” वहिनी म्हणाली. “त्या बाईचं काय?”

पुढच्या गुरुवारी सिस्टर खिडकी न उघडताच बसल्या. वही टेबलावर ठेवून त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. मग वकीलसाहेब उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. ते वाईट माणूस नव्हते. मास्तरांवर त्यांचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाचं पुस्तक वाचवायला ते कोर्टात वापरत तीच हत्यारं बाहेर काढत होते. बाईने औषध मोरीत ओतून बाटली रिकामी केली नसेल कशावरून, त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, तसं असेलही, पण त्याला पुरावा लागेल, आणि तो आपल्याकडे नाही. मग वकीलसाहेबांचा आवाज खाली आला. एका प्रकरणासाठी सगळं पुस्तक बुडेल, हे पुस्तक वाचून किती लोकांनी अंगारे-धुपारे सोडून डॉक्टर गाठला, ती माणसं खोटी आहेत का, असं ते म्हणाले. तेही खरंच होतं, आणि सिस्टरांनी ते मान्य केलं.

“निवेदनात एकही वाक्य खोटं नाही, सिस्टर,” ते शेवटी म्हणाले. “सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“खोटं नाही म्हणूनच हात धजत नाही. मी तेव्हाही खोटं बोलले नव्हते. मला जे बघायचं होतं तेच मी बघितलं आणि पुरावा मागितला नाही. ज्यांना आपण हसतो ते दुसरं काय करतात?”

दंतवैद्य इतका वेळ आपल्या हातांकडे बघत होते. त्यांनी बैठकीची वही ओढून घेतली, नवं पान उघडलं आणि डाव्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं: सातव्या प्रकरणाबाबत प्रवचनकाराचं म्हणणं बरोबर आहे. चूक आपली आहे. खाली सही करून त्यांनी वही वकीलसाहेबांकडे सरकवली. वकीलसाहेबांनी सही केली नाही, पण पानही फाडलं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले की छापायचं तर ती मूळ वही जपून ठेवा, तिच्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही.

सिस्टर तिथून निघाल्या त्या बाजारामागच्या गल्लीत. रस्ता इतका जवळचा होता याची त्यांना लाज वाटली. शिवणकामवालीचं मशीन दारालगत होतं. साठीला टेकलेली बाई, गळ्यात मापाची टेप, तोंडात दोन टाचण्या. सिस्टरांना तिने लगेच ओळखलं. टाचण्या काढून तिने मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या आणि हात मांडीवर घेऊन बसली, वॉर्डात बसायची तशी.

सिस्टर उभ्यानेच बोलल्या. माफी आधी मागायची असं वाटेत ठरवलं होतं, ते जमलं नाही. त्यांनी वही उघडून पुढे धरली. बाईने ती घेतली नाही. “तुम्हीच वाचा,” म्हणाली.

“खाट सहा. रिकामी परत घेतली, भरलेली दिली. सकाळी साडेसहा.”

“रिकामी?”

“रिकामी.”

“सहाच्या सहा डोस?”

“सहाच्या सहा. तुम्ही सगळं औषध दिलं होतं, ताई. चूक माझी होती. मला तीस वर्षं माहीत होतं.”

बाईने मशीनवरचा कापडाचा तुकडा उचलला, त्याची घडी घातली, उलगडला, परत घडी घातली. रस्त्यावरून एक सायकल गेली.

“तुम्ही विचारलंत ना, औषध का दिलं नाहीत,” ती म्हणाली. “मला तर दिलेलं आठवत होतं. चमचा आठवत होता. पण तुम्ही शिकलेल्या, तुम्ही का खोटं बोलाल. मग पुस्तकात आलं. छापलंय म्हणजे खरंच असणार. मला वाटलं, मी झोपले असेन. झोपेत स्वप्न पडलं असेल की मी देतेय. हे जायच्या आधी यांनाही मी हेच सांगितलं, की मी झोपले होते.”

सिस्टर उंबऱ्यावरच बसल्या. बाई सांगत राहिली, आवाज न चढवता. त्या दिवसापासून तिने परत कधी हात जोडले नव्हते. मुलीला औषध न देणारे हात जोडून कुठल्या तोंडाने काही मागायचं, असं तिला वाटायचं. सतरा आवृत्त्यांनी किती जण देवापासून सुटले याचे आकडे वकीलसाहेबांना तोंडपाठ होते. ही त्यातलीच एक, आणि तिचा हिशेब कोणीच ठेवला नव्हता.

मग सिस्टर म्हणाल्या की आपण हे पुस्तकात छापणार आहोत, आपल्या सहीने. बाईने मान हलवली, हो किंवा नाही ते कळलं नाही. मग तिने हात पुढे केला.

“ती वही ठेवून जा.”

सिस्टरांना वकीलसाहेबांचं बोलणं आठवलं. वही हातातून गेली तर उद्या त्यांच्याकडे स्वतःच्या शब्दाशिवाय काही उरणार नव्हतं, आणि त्यांच्या शब्दाची किंमत त्यांनी नुकतीच या दारात सांगून टाकली होती. त्यांनी वही बाईच्या हातात दिली.

बाईने चष्मा पुसून लावला. बोट ओळीवर ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. सिस्टर गल्लीच्या वळणापर्यंत पोचल्या तरी तो आवाज येत होता. मशीन बंदच होतं. खाट सहा, रिकामी परत घेतली. ओळ संपली की ती पुन्हा पहिल्यापासून वाचत होती.