प्रभुभोजनाची भाकर

साहेबरावांनी परात बेबीनंदाच्या ओट्यावर ठेवली.

"ही घे. कौसल्येची है. पाळक म्हणले, ह्या महिन्यापासून भाकर तू करायची."

"बसा की मामा, चहा टाकते."

"चहा नको. तू कर. मी बघतो आन् जातो."

महिन्याच्या पहिल्या रविवारी गावच्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजन व्हायचे; येशूच्या आठवणीत सगळे एकाच भाकरीचा तुकडा खायचे. त्याची भाकर, म्हणजे गव्हाची बिनमिठाची पोळी, कित्येक वर्षे साहेबरावांची बायको कौसल्या करायची. ती चैत्रात गेली. तेव्हापासून साहेबराव स्वतःच करत होते. कुणाला विचारले नव्हते. रविवारी भाकरीचे ताटही तेच धरायचे आणि पाळकांबरोबर रांगांमधून फिरायचे. पोळी कडक व्हायची. बेबीनंदाचा नवरा कल्याण एकदा म्हणालाही होता, "मामा, तुमच्या भाकरीनं आमच्या आईची दाढ हालली." सगळे हसले. साहेबराव हसले नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा पीठ मळायला बसले. पिठात हात असेपर्यंत घर रिकामे वाटायचे नाही.

मागच्या आठवड्यात चर्चचे पाळक बद्रीनाथ हे वाटूरहून मोटारसायकलवर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "साहेबराव, हे काम आता बेबीनंदाला द्या. ताट कल्याण धरेल. तुम्ही रांगेत बसा."

"माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही. देवाच्या मनात असंच आहे, असं मला वाटतं. तुम्ही प्रार्थना करून बघा."

साहेबरावांनी प्रार्थना केली नाही. "बरं," म्हणाले. पाळकांना नाही म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती.

आता ते स्टुलावर बसून बघत होते. बेबीनंदाने पीठ मळताना मीठ घातले नाही. तेवढे तिला माहीत होते. तिने गोळा लाटला, त्यावर तेलाचे बोट फिरवले आणि सवयीने घडी घातली.

साहेबरावांनी तोंड उघडले आणि मिटले. घडीच्या पोळीला पदर सुटतात. उद्या सगळ्यांसमोर पाळक ती मोडायला जातील, तेव्हा ती नीट मोडणार नाही, पापुद्रे लोंबत राहतील. मग पाळकच म्हणतील, साहेबराव, तुम्हीच करत जा. त्यासाठी काही करायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते.

बेबीनंदाने घडीवर लाटणे ठेवले.

"पोरी," साहेबराव म्हणाले. "घडी घालू नको. पदर सुटले की बराबर मोडत न्हाई. एकपदरी लाट."

बेबीनंदाने लाटणे बाजूला ठेवले. "बघा! मी ह्यांना म्हणलंच होतं, मला हे जमायचं न्हाई. मामा, तुम्हीच करा ना. पाळकांना मी सांगते." तिने पोळपाट त्यांच्याकडे सरकवला.

साहेबरावांचा हात लाटण्यावर गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी लाटणे उचलून तिच्या हातात दिले.

"न्हाई. तू लाट. कडा पातळ घे."

"बिघडलं तर?"

"तर दुसरी कर. पीठ लई है."

"मामी कशा करायच्या हो?"

"ते मी कधी बघितलंच न्हाई. ती आत करायची, मी बाहेर बसायचो."

"मंग बराबर है! म्हणूनच तुमची दगडावानी व्हायची."

साहेबरावांनाही हसू आले.

रविवारी पाळकांनी भाकर मोडली. मऊ होती, सरळ मोडली. साहेबराव पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर, रांगेच्या मधोमध बसले होते. कल्याण ताट धरून पाळकांबरोबर एकेकापुढे येत होता.

ताट धरणाऱ्याने स्वतः भाकर घेतली की नाही, हे कुणी बघत नाही. चैत्रापासून साहेबरावांनी ती घेतली नव्हती. सगळ्यांना देऊन झाले की आपला तुकडा तसाच ताटात ठेवून ते ताट मेजावर ठेवायचे. मनात देवाशी भांडण असताना ती घ्यायची नसते, असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते. आणि तुझ्या मनासारखे होऊ दे, असे म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

पाळक त्यांच्यापुढे येऊन थांबले. साहेबरावांनी वर बघितले, आणि ह्या माणसाने इतके महिने सगळे बघितले होते, हे त्यांना समजले.

शेजारची माणसे डोळे मिटून बसली होती. साहेबरावांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती, तर कुणाला दिसले नसते. पाळक पुढे गेले असते.

साहेबरावांनी तळहात सदऱ्याला पुसले आणि ओंजळ पुढे केली.