डबी, बटवा आणि छातीतली शेजारीण

मी एक जुनी चांदीची डबी आहे. मित्रांनो, मला दागिना समजू नका. माझ्या पोटात इष्टलिंग, म्हणजे लिंगायत लोक अंगावर बाळगतात ते छोटे शिवलिंग, असते आणि मी दोऱ्यात ओवून माणसाच्या छातीवर राहते. उदगीरच्या एका सोनाराने मला ठोकून घडवले. औशाच्या सिद्रामप्पांच्या गळ्यात मी आले, तेव्हा त्यांना नुकतेच मिसरूड फुटले होते.

औशाच्या बाजारात आप्पांचे दुकान होते. कासरे, वेसणी, दोरखंड, बैलांच्या घुंगूरमाळा. दिवसभर ते गाठी मारत आणि मी सदऱ्याआड डुलत असे. रोज सकाळी आंघोळ झाली की ते भस्म लावून बसत, मला उघडत, लिंग डाव्या तळहातावर घेत आणि उजव्या हाताने पाणी नि बेल वाहत. त्याआधी चहाचा घोटही नाही. बघणारे म्हणत, "आप्पाचा हात जरा बी हालत न्हाई." कौतुक हाताचे, पण फुगायची मी.

मग तोच डावा हात हलू लागला. आधी एक बोट, पुढे अख्खा पंजा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, म्हणजे पार्किन्सन. गोळ्यांवर काही वर्षे निभावली. नंतर गाठी सुटू लागल्या, चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त पडू लागला. आप्पा त्यावर हसायचे. पण लिंग हातून पडेल या धास्तीने ते पूजेला बसायलाच भिऊ लागले. मग त्यांच्या पत्नी मल्लम्मा समोर बसून त्यांच्या तळहाताखाली आपला तळहात धरू लागल्या.

"दुसरं काही नगं," आप्पा म्हणायचे, "माझी पूजा माझ्या हातानं व्हावी."

याच आशेने ते हैदराबादला गेले. तिथे डॉक्टर दामिनी यांनी त्यांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि छातीच्या कातडीखाली एक चपटी बॅटरी. तिच्यातून मेंदूला हलका विजेचा प्रवाह जातो आणि थरथर आवरते. ऑपरेशनभर मी बाहेर मल्लम्माच्या मुठीत घामेजून गेले होते. टाके वाळल्यावर बॅटरी चालू केली आणि आप्पांचा हात आला ठिकाणावर. आजार गेला नव्हता, गोळ्याही होत्याच. पण घरी आल्यावर त्यांनी एकट्याने पूजा केली आणि लहान पोरासारखे रडले.

ती बॅटरी माझी शेजारीण. खरे सांगते, मला तिचा थोडा हेवा वाटे. मी बाहेर लोंबकळायचे आणि ही थेट आत घर करून बसलेली. तरी आमचे भांडण कधी झाले नाही.

पण मशीनपाशी धातू असू नये, असे कुणीतरी मल्लम्माच्या कानावर घातले. लातूरला शिकणाऱ्या नातीने, शिवानीने, लगेच मखमली बटवा आणला. झाकण जवळ नेले की त्याचे बटण टपकन चिकटे. मल्लम्माने लिंग त्यात ठेवले, बटवा खाली लोंबू नये म्हणून दोरा आखूड केला आणि मला कोनाड्यात, भस्माच्या वाटीशेजारी ठेवले. एवढी वर्षे छातीवर काढून मी कोनाड्यात आले. वाईट वाटणारच.

दुसऱ्या सकाळी आप्पा पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतले आणि हात थरथरू लागला, पहिल्यापेक्षा जोरात. लिंग घरंगळले. मल्लम्माने झेप घेऊन ते पदरात झेलले.

आप्पा हाताकडे बघत राहिले. "मशीन गेलं वाटतं," ते हळूच म्हणाले. "आता म्या बसत न्हाई पूजेला."

शिवानीने डॉक्टर दामिनींना फोन लावला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे, ऑपरेशननंतर मिळालेला बॅटरीचा रिमोट आप्पांच्या छातीवर धरला. त्यावर 'बंद' असे दिसले.

"जवळ लोहचुंबक आहे का काही? त्याने बॅटरी बंद पडू शकते."

"न्हाई हो डॉक्टर. चांदीची डबीसुद्धा काढून ठेवली."

एवढे म्हणताना शिवानीची नजर बटव्याच्या बटणावर गेली. तिने दुकानातले दाभण त्याजवळ नेले. ते टपकन चिकटले. बटणात लोहचुंबक होते आणि आखूड दोऱ्यामुळे ते नेमके बॅटरीवर टेकत होते.

"मीच आणलं की हे," ती रडकुंडीला आली.

"आन् म्या बांधलं," मल्लम्मा म्हणाल्या. "तू रडू नगंस."

बटवा दूर ठेवून शिवानीने रिमोटचे बटण दाबले. फुंकर घातल्यावर उतू जाणारे दूध खाली बसते, तसा आप्पांचा हात शांत झाला. फोनवरून डॉक्टर म्हणाल्या, "चांदीला चुंबक ओढत नाही. डबी काढायच्या आधी मला विचारायचं ना." मी कोनाड्यात असूनही ताठ झाले.

मित्रांनो, माया करताना माणूस घाबरतो आणि घाबरला की विचारायचे विसरतो. तुमच्या घरी असा कुणी असेल, तर त्याच्यासाठी काही आणण्याआधी आणि काही काढून ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा. जुन्या वस्तूंनाही लगेच कोनाडा दाखवू नका.

मल्लम्माने मला भस्माने घासून पुन्हा आप्पांच्या गळ्यात घातले. सकाळी त्यांनी मला उघडले, लिंग तळहातावर घेतले. हात हलला नाही. सवयीने मल्लम्माचा तळहात खाली सरकला, आणि ध्यानात येताच त्या तो मागे घेऊ लागल्या.

"राहू दे," आप्पा म्हणाले.

"आता एकट्याला जमतंय की तुमास्नी."

"जमतंय म्हणूनच म्हणतो. राहू दे."