उभा चढ

तिने सीटबेल्ट पुन्हा ओढून पाहिला आणि काच खाली केली. पुढची गाडी चढाला लागली होती, भिंतीवरच्या पालीसारखी.

"काच वर कर. धूर येतोय," मास्तर म्हणाले.

तिने काच वर केली. लगेच गुदमरल्यासारखं झालं म्हणून अर्धी खाली केली.

तिच्या नवऱ्याला सगळे मास्तरच म्हणत. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला ती कशी चालवू नये, हे भर रस्त्यात थांबवून ऐकवलं होतं. पण हल्ली त्यांना नीट दिसत नव्हतं. चहाचा कपसुद्धा ते चाचपून उचलत. 'आई, बाबांकडून किल्ली काढून घे,' असं मुलगा फोनवर म्हणाला होता. म्हणायला त्याचं काय जातंय! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तिने. घरातून निघताना सांगू, वाटेत सांगू, चहाला थांबल्यावर तरी सांगू, असं करत करत ते या रस्त्याच्या पायथ्याशी येऊन ठेपले होते.

हा उभा रस्ता पाहायला लांबलांबून लोक येत. कॅमेरा तिरका धरून फोटो काढत, म्हणजे रस्ता सपाट दिसे आणि दोन्हीकडची घरं कलंडलेली. पण खरी मर्दुमकी आपली गाडी वर नेण्यात, असं मास्तरांचं म्हणणं.

"चालत जाऊ या ना," ती म्हणाली. "बघा, किती लोक चालतच जाताहेत."

"त्यांना हाफ क्लच येत नसेल."

गाडी चढाला लागली. समोरचा रस्ता दिसेनासा होत चालला तशी तिने सीटची कड घट्ट धरली. अर्ध्यावर एक मुलगी फोटोसाठी भर रस्त्यात मांडी घालून बसली होती. मास्तरांनी वेग कमी केला नाही.

"अहो, मुलगी! थांबा!"

ब्रेक करकचून लागला. मुलगी हसत बाजूला झाली. त्या पोरीला काय ठाऊक! मागे हॉर्न सुरू झाले. आता आपण घरंगळत खाली जाणार, असं तिला वाटलं. मास्तरांनी मान कलती करून इंजिनाचा आवाज ऐकला, अलगद क्लच सोडला, हँडब्रेक उतरवला आणि गाडी इंचभरही मागे न येता वर निघाली. तिला अभिमान वाटला आणि रडूही आलं. अशा माणसाला सांगायचं तरी कसं?

माथ्यावर सपाट जागा होती. मास्तरांनी गाडी कडेला घेतली. तिने पर्स उघडली, मिटली.

"अहो, मला जरा बोलायचंय."

मास्तर तोवर उतरले होते. बॉनेटला हात लावत, वळसा घालून ते तिच्या दाराशी आले.

"उतर. खाली तू ने."

"मी?" रोज बाजारात गाडी न्यायची ती, पण मास्तर शेजारी असताना स्टिअरिंगला हात लावायची तिची कधी छाती झाली नव्हती.

"चढताना समोर नुसतं आभाळ असतं गं. ते सगळ्यांना सारखंच दिसतं. उतरताना माणसं असतात."

तिने सीटबेल्ट सोडला.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तू तरी कुठे विचारलंस?"

त्यांनी किल्ली पुढे केली, तिच्या हातापासून जराशी बाजूला. तिने आपला हात तिकडे नेला.