न दिसणारी डिस्क

दुकानाच्या आतल्या खोलीतला, नेमप्लेट कोरायच्या मशीनचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा जावयाने फुशारकीने सासऱ्यांना सांगितलं, "नवी सिस्टिम टाकतो. तासाभराचं काम."

नोकरी सुटल्यापासून तो रोज दुकानात यायचा. सासरे खुर्ची पुसून बसवायचे, चहा मागवायचे, "जावईबापू, बरं आहे ना?" विचारायचे. काम मात्र काडीचं सांगायचे नाहीत. ती पुसलेली खुर्ची त्याला खुपायची. आज हे जमलं तर दुकानातच काम मागायचं, असं त्याने ठरवलं होतं.

पण इन्स्टॉलेशन मध्येच अडलं. त्याने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं: डिस्क सापडत नाही, ड्रायव्हर द्या. डिस्क मशीनसोबत आलेल्या खास कार्डाला जोडलेली, आणि त्याच्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे ते चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय, नवी सिस्टिम तिला ओळखेना. कार्ड बनवणारी कंपनी तर कधीच बुडालेली.

"त्याची सीडी आहे ना?" सासऱ्यांनी काउंटरवरून विचारलं.

"आहे ना," तो बोलून गेला.

सीडी नव्हती. गेल्या महिन्यात आवराआवर करताना त्यानेच ती फेकली होती, आतलं सगळं कॉम्प्युटरवर जपून उतरवून. म्हणजे याच डिस्कवर. चावी आत ठेवून कपाट लावणारा हा शहाणा!

तो उठला, बसला, पुन्हा उठला. रिकामा पेनड्राइव्ह काढून परत लावला. बाहेर गिऱ्हाइकाचा आवाज आला की "झालंच," तो आतून म्हणायचा. चहा आला तो तसाच निवला. खोटं बोलल्याची लाज सीडीपेक्षा जास्त टोचत होती.

शेवटी तो काउंटरपाशी गेला. "बाबा, सीडी मी फेकली. ड्रायव्हर त्या डिस्कमध्येच अडकलाय. डिस्क काढून कार्डाशिवाय थेट तुमच्या या कॉम्प्युटरला लावली तर मिळेल. पण तुमची सगळी डिझाइनं तिच्यावर आहेत, एकट्याने काढायचं धाडस होत नाही."

सासरे स्क्रूड्रायव्हर घेऊन आत आले आणि खुर्ची पायाने बाजूला सारली.

"बस खाली. टॉर्च धर. हलवू नकोस, आधीच पुरेशी अक्कल पाजळलीयेस."

फरशीवर गुडघे दुखले, पण त्याने टॉर्च हलू दिला नाही. डिझाइनं काउंटरच्या कॉम्प्युटरवर उतरली, ड्रायव्हर पेनड्राइव्हवर. डिस्क पुन्हा जागेवर बसवून त्याने ड्रायव्हर दिला, आणि पडद्यावर डिस्क दिसली.

सासऱ्यांनी हात पुसले. "उद्या लवकर ये," ते म्हणाले. "झाडू दाराआड असतो."