रोहित्र नको, डीपी हवी

विषय : जुने रोहित्र बदलून जास्त क्षमतेचे बसविणेबाबत.
संदर्भ : १) रहिवाशांचा अर्ज. २) त्याच रहिवाशांची त्यावरील हरकत.

उपरोक्त विषयातलं जुनं रोहित्र म्हणजे मीच. मी बोलतोय. एरवी नुसता गुणगुणतो, तिकडे कोणी लक्ष देत नाही.

मोठ्या तारांतून येणारी जबर वीज घरांना सोसेल इतकी उतरवून देणं हे माझं काम. कागदोपत्री मी रोहित्र, गल्लीत डीपी. म्हणजे व्याकरणात नपुंसकलिंगी, गल्लीत स्त्रीलिंगी आणि आत्मवृत्तापुरता पुल्लिंगी. कोणाचीच तक्रार नाही.

मी आलो तेव्हा गल्लीत बसकी घरं होती. दिवे, पंखे, एखादा रेडिओ. पुढे घरांवर मजले चढले, खोल्याखोल्यांत एसी आले. घर वाढवताना माणसं पाहुणे कुठे झोपतील याचा विचार करतात, वीज कुठून येईल याचा नाही. संध्याकाळी सगळे घरी परतले की माझं तेल तापतं, फ्यूज उडतो आणि गल्ली माझा उद्धार करते. वायरमन नवा फ्यूज घालतो आणि म्हणतो, "म्हाताऱ्या, ओढ अजून थोडं."

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजोबांना श्वासासाठी विजेवरचं ऑक्सिजनचं यंत्र लागतं. वीज गेली की सूनबाई सिलिंडर जोडतात आणि तो संपायच्या आत वीज यावी म्हणून खिडकीतून माझ्याकडे बघत बसतात. एवढ्या आशेनं माझ्याकडे दुसरं कोणी बघत नाही. त्यांनीच घरोघर सह्या घेऊन मोठ्या डीपीसाठी अर्ज केला.

शहरभर वीजव्यवस्था सुधारायचं काम निघालं होतं, त्यात अर्ज मंजूर झाला. नियमाप्रमाणे माझ्याच खांबावर नोटीस लागली : 'सदर ठिकाणी उच्च क्षमतेचे रोहित्र उभारण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास लेखी कळवावे.'

खाली गर्दी जमली. रोहित्र म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज. गल्लीत एक सर्वज्ञ गृहस्थ आहेत, त्यांना सगळे बालिष्टर म्हणतात. त्यांनी निकाल दिला, "मोबाईलचा टॉवर. किरणांनी माणूस आतून शिजतो."

हरकत तिथेच लिहिली गेली. घरात श्वासाचा रोगी, म्हणून पहिली सही सूनबाईंनी केली. मी वरून जिवाच्या आकांतानं गुणगुणत होतो.

काम थांबलं. का, ते विचारायला सूनबाई कार्यालयात गेल्या. कारकुनानं दोन्ही कागद पुढे ठेवले. हवं म्हणूनही त्यांचीच सही, नको म्हणूनही त्यांचीच.

"अहो, आम्ही डीपीला कुठं नको म्हटलं? ते रोहित्र नको."

"बाई, तेच ते."

हे सगळं मला वायरमनच्या बोलण्यातून कळलं. हरकत मागे घ्यायची तर ज्यांनी सही केली त्या सर्वांची पुन्हा सही हवी. त्या त्याच संध्याकाळी दारोदार फिरल्या. लोकांनी हसून सह्या दिल्या. बालिष्टरांनी दिली नाही. शब्दाचा अर्थ आपल्याला पहिल्यापासून माहीत होता, आपला विरोध तत्त्वाचा आहे, असं ते म्हणाले.

"काका," सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचं तत्त्व नळीला जोडून बाबांना श्वास घेता येत असेल, तर द्या. सही मागणार नाही मी."

बालिष्टरांनी दार लावून घेतलं. आत एसी चालू होता. तोही मीच चालवत होतो.

सद्यःस्थिती अशी. नवं रोहित्र भांडारात येऊन पडलं आहे. माझं तेल पाझरतं आहे. संध्याकाळी इस्त्री, गीझर आणि एसी एकदम लावू नका, एवढीच माझी विनंती. काही घरं ती पाळतात. कालही फ्यूज उडाला. वीज आली तेव्हा सिलिंडरमध्ये थोडा ऑक्सिजन शिल्लक होता. बालिष्टरांची सही झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.