हेल्मेटातला पिवळा

अकरा वर्षं कंपनीत राबवून ठेकेदाराने मला एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. चार महिने त्याला फोन केले. दर वेळी एकच उत्तर, "बघू, कळवतो."

शेवटी जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती रंगवायला बसलो. भावकी हसली. हसू दे, माझी चूल काय भावकी पेटवत नाय. पितांबराचा पिवळा रंग कालवायला मी कंपनीचं हेल्मेट उलटं करून घेतलं.

काल ठेकेदार स्वतः कारखान्याच्या दारात आला. "हिरामण, माणसं कमी पडतायत. हेल्मेट घे आणि उद्यापासून पहिल्या शिफ्टला ये."

जोह्यात रंगकाम बारा महिने चालतं, हे त्यालाही माहीत होतं.

मी हेल्मेटात ब्रश बुडवला आणि म्हटलं, "यात रंग हाय. संपला की कळवतो."