चतुराबाईंच्या केसाची कैफियत

मी चतुराबाईंच्या डोक्यावरचा एक केस बोलतोय. हसू नका. बोलायची सवय नाही मला, पण आता पाणी डोक्यावरून गेलंय.

फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवर, मानेच्या जरा वर माझा जन्म झाला. चतुराबाई अप्पारावांच्या शेतात अद्रकीवर, म्हणजे आल्यावर, फवारणीला जातात. ड्रममध्ये औषध ढवळायचं कामही त्यांचंच, तेसुद्धा उघड्या हातानं. औषध! विषाला एवढं गोड नाव माणसांनाच सुचतं. ते बाईंच्या अंगात गेलं की रक्तातून थोडं माझ्या मुळाशी येतं. रक्तातलं चार दिवसांत निघून जातं, पण मी वाढतो तसं माझ्यात ते साठत जातं. वीतभर लांबीत दीड-दोन वर्षांचं विष घेऊन बसलोय मी.

हल्ली बाईंचे हात थरथरतात. थापताना भाकरी मोडते. अप्पाराव म्हणतात, "उन्हाची चक्कर हाय ती. औषधानं व्हतंय असा कागद आण डॉक्टरचा, मग देतो दुसरं काम."

अशात संभाजीनगरच्या कॉलेजातून तनुजा आली. विष अंगात किती मुरलंय हे ती केसांवरून तपासते. म्हणाली, "मावशी, मागचे थोडे केस द्या." मला वाटलं, सुटलो एकदाचा!

बाई उठल्या आणि भिंतीच्या फटीतलं गुंतवळ तिच्या हातावर ठेवलं. केसांवर भांडी देणारीसाठी जपलेलं! त्यात सासूचे, लेकीचे, सगळ्या घराचे केस. मी चडफडलो.

"असे नाही चालत, मावशी. तुमचेच हवेत, मुळाजवळ कापलेले."

"कापून? नवरा जिता असताना सवाष्णीनं केसाला कात्री लावायची? नाय बाई."

ओट्यावरून त्यांचा नवरा फकिरा म्हणाला, "मला काय व्हत नाय. काप."

"तुम्ही गप बसा," बाई कडाडल्या. तनुजा रिकामं पाकीट घेऊन गेली.

राग येतो हो! नवऱ्याच्या जिवाला एवढं जपणाऱ्या या बाईला स्वतःलाही एक जीव आहे, हे कुणी शिकवलंच नाही.

आज फणी फिरली तेव्हा माझं मूळ हललं. एक-दोन दिवसांत मी गळेन, बोटाभोवती गुंडाळला जाईन, आणि मग मी कुणाचा, माझं मूळ कुठलं नि टोक कुठलं, काहीच कळणार नाही. बाई, तुमच्या बाजूनं साक्ष द्यायला आता आम्ही केसच उरलोय. मी गळायच्या आत मला कापा.